पोटाचा जमाखर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत शिवचरित्र, नाट्यसंगीत, संतवाङ्मय हे मानाचे विषय अधिकारी वक्त्यांनी आधीच वाटून घेतले आणि आमच्या वाट्याला पोट आले. त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. हजार मैलांहून दूर येऊन राहिलेल्या माणसाला गावाची आठवण बहुधा पोटाच्याच मार्गाने होते, आणि परक्या शहराशी त्याचे पहिले भांडणही पोटावरूनच होते.

आमचा अधिकार काय, हेही प्रारंभीच सांगून टाकणे बरे. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबाच्या वह्यांतली. परंतु या विषयावरचे वाचन करू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, पोटाच्या औषधांची गोष्ट ही पुष्कळ अंशी जमाखर्चाचीच गोष्ट आहे. खर्ची काय पडले आणि जमेस काय धरावयाचे, एवढे ज्याला समजले त्याला औषधाच्या डब्यात हात घालण्याचा थोडा तरी अधिकार आला. आणि दुसरे असे की, या गोष्टीतले सर्वांत मोठे प्रकरण आपण राहतो त्या शहरात, आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यांवर लिहिले गेले आहे. ते कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक नसावे, हे योग्य नव्हे.

या शहरात बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला महिना एका वाक्यात सांगता येतो : ‘इथलं पाणी मानवत नाही.’ दुसऱ्या महिन्यात शेजारच्या दादांकडून ‘अम्बल’, ‘आमाशा’ आणि ‘पेट खाराप’ हे तीन शब्द आपण शिकतो. तिसऱ्या महिन्यापासून कपाटातल्या डब्यात देशावरून आणलेल्या हिंग्वाष्टक चूर्णाच्या शेजारी, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे साठू लागतात. गावाकडे असतो तर रात्री-अपरात्री मुलाचे पोट बिघडल्यावर आजीला हाक मारली असती. येथे आजी नाही, आत्या नाही, ओळखीचे वैद्यबुवा नाहीत. आहे तो डबा. म्हणून त्या डब्यातले औषध पोटात जाऊन नेमके करते काय, हे आपल्यासारख्यांनी इतरांपेक्षा अधिक जाणून घेतले पाहिजे.

प्रथम पोटाचा रोजचा ताळेबंद पाहू. प्रौढ माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यांतील २ लिटरच्या आसपास आपण खाल्ल्याप्यालेले. बाकीचे सारे शरीराने स्वतःच ओतलेले असते : लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे आपले स्राव. अन्न पचविण्यासाठी शरीर ही रक्कम जणू उसनवार देते, आणि काम होताच लहान व मोठे आतडे मिळून ती जवळजवळ सगळीच्या सगळी रक्तात परत जमा करून घेतात. शौचावाटे जाते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. एवढ्या मोठ्या उलाढालीत इतकी अल्प तूट आम्ही तरी कोणत्या खात्यात पाहिलेली नाही. ही वसुली बिघडली म्हणजे हगवण लागते. हगवणीत माणूस मरतो तो पोट बिघडल्यामुळे नव्हे. अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे मरतो. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ही ठेवावी.

आता डब्याकडे वळू. त्यातली बहुतेक औषधे तीन वर्गांत बसतात. आम्लाशी संबंधित, आतड्याच्या गतीशी संबंधित, आणि पाण्याशी संबंधित.

पहिला वर्ग आम्लाचा. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. अन्नाच्या पचनास ते मदत करते, आणि तोंडावाटे आलेले पुष्कळसे जंतूही मारते. ते वर अन्ननलिकेत चढले की जळजळ होते. यावर जुना इलाज म्हणजे झालेले आम्ल मारणे. खाण्याचा सोडा हेच करतो, म्हणून तो घेतल्यावर वायू होऊन ढेकर येते. दुकानातली पांढरी, दाट औषधे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांची असतात. ॲल्युमिनियमने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने पोट सैल होते; म्हणून दोघांना एका बाटलीत घालून एकमेकांवर पहारा ठेवलेला असतो. पुढे शास्त्रज्ञांनी विचार केला की, झालेले आम्ल मारण्यापेक्षा होणारेच कमी का करू नये? जठराच्या पेशींना आम्ल सोडण्याचा हुकूम हिस्टामिन नावाचे द्रव्य देते. तो हुकूम पेशीपर्यंत पोहोचू न देणारे सिमेटिडीन हे औषध जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले, आणि ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर आली ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही मंडळी. ती हुकुमाच्या भानगडीत पडत नाहीत. आम्ल बाहेर टाकणारा पेशीतला पंपच ती बंद करतात. म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावयाची असतात. जेवण येऊन पंप चालू होण्याच्या वेळी औषध तेथे हजर असावे लागते. जेवून, पान खाऊन, मग आठवण झाली म्हणून घेतलेल्या गोळीचे पुष्कळसे काम वाया जाते.

दुसरा वर्ग गतीचा. आतडे लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलते. एरंडेल आणि सोनामुखी ही लाट वाढवितात. अफू ती मंद करते. इंग्रजी अमदानीत साहेबाच्या पेटीत क्लोरोडाइन नावाची बाटली असे. तीत अफूचे सत्त्व असे, आणि पटकीपासून पोटदुखीपर्यंत सर्वांवर ते दिले जाई. आजचे लोपेरामाइड त्याच घराण्यातले, परंतु अधिक सुसंस्कृत. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूवर अंमल करीत नाही, आतड्याच्याच मज्जातंतूंवर काम करते. आगगाडीचा प्रवास, मोठ्या माणसाची साधी हगवण, अशा वेळी त्याचा उपयोग आहे. परंतु लहान मुलांना ते देऊ नये, आणि शौचावाटे रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. घाण बाहेर जाण्याचा रस्ता बंद करून ती आत कोंडणे हा उपचार नव्हे. शिवाय गोळीने शौचाच्या खेपा कमी दिसतात तेव्हा घरच्यांना वाटते, आजार उतरला. गेलेले पाणी मात्र जमेस पडलेलेच नसते. याच वर्गात आमचे आवडते इसबगोल येते. ते आतड्याशी कसलीच जबरदस्ती करीत नाही. स्वतःच पाणी धरून फुगते. मल कोरडा असेल तर मऊ करते, पातळ असेल तर बांधते. फक्त ते घेताना भरपूर पाणी प्यावे, ही अट आहे.

या दोन वर्गांतली औषधे कोणीही, कितीही घ्यावीत इतकी निरुपद्रवी नाहीत, याचा दाखला पटकीच्या इतिहासात आहे. १८८३ च्या डिसेंबरात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कोलकात्यास आले आणि १८८४ च्या आरंभी त्यांनी येथील रोग्यांच्या आतड्यांतून पटकीचा, स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा करून दाखविला. इटलीतील पाचिनी यांनी तो १८५४ सालीच पाहिला होता, पण जगाने तिकडे लक्ष दिले नव्हते. पुढे जर्मनीस परतल्यावर कॉख यांनी तो जंतू गिनीपिगांना पाजला, तेव्हा ते प्राणी मुळी आजारीच पडेनात. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. सोड्याच्या द्रवाने प्राण्याच्या जठरातले आम्ल मारले, आणि अफूचा अर्क देऊन आतड्याची हालचाल मंद केली. तेव्हा जंतू आत टिकले, वाढले आणि प्राणी दगावू लागले. याचा अर्थ ध्यानात घ्यावा. आम्ल हा दारावरचा पहारेकरी, आणि आतड्याची हालचाल हा झाडू. निरोगी प्राण्याला पटकी व्हावी म्हणून शास्त्रज्ञाला जे दोन उपाय योजावे लागले, ते दोन्ही आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणतो. डॉक्टरांनी अल्सरसाठी किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर आम्लाचे औषध दिले असेल तर ते अवश्य घ्यावे, मनानेच बंद करू नये. परंतु रोज संध्याकाळी तळलेले खाता यावे म्हणून वर्षानुवर्षे पहारेकऱ्याला झोपवून ठेवणे, यात शहाणपण नाही. अशांना आतड्याच्या संसर्गाची शक्यता अधिक असते, आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीरात बी-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी पडू शकते.

आता तिसरा वर्ग, पाण्याचा. त्याची कथा सांगण्यासाठी पटकीचीच पाऊलवाट धरावी लागेल.

१८१७ साली जेसोर भागात पटकीची मोठी साथ उद्भवली आणि तेथून ती देशोदेशी पसरली. ज्या रोगाला माणसाकडे उत्तर नसते त्याला तो देवता देतो. आपल्याकडे गावकुसाबाहेर मरीआई बसली. इकडे बंगालात हिंदूंनी तिला ओलाईचंडी म्हटले, मुसलमानांनी ओलाबिबी. नावे निराळी, भीती एकच. हा रोग सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत नेई.

१८३१-३२ मध्ये पटकी इंग्लंडात पोहोचली तेव्हा विल्यम ओ’शॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखविले. ते वाचून १८३२ मध्ये टॉमस लॅटा यांनी क्षारयुक्त पाणी रोग्यांच्या शिरेत सोडले, आणि मरणाच्या दारातली काही माणसे उठून बसली. मात्र तो विचार मागे पडला. ओ’शॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या चाकरीत कोलकात्यास आले, मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि १८३९ साली त्यांनीच येथे प्रयोगादाखल विजेच्या तारेची लाईन टाकली. आमच्या सरकारी बांधवांना ते ठाऊक असतात ते भारतातील तारखात्याचे जनक म्हणून. पटकीच्या रोग्याचा पहिला हिशेबनीसही तेच, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी याच शहरात शिरेतून सलाईन देण्याची पद्धत पुन्हा उभी केली आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. परंतु शिरेतून द्यावयाचे म्हणजे निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शिकलेले हात हवेत. खेड्यात आणि पुरात, जेथे पटकी खरोखर येते, तेथे यांतले काहीच नसते.

मग प्रश्न असा की, तोंडाने पाणी का पाजू नये? पाजून पाहिले होते, मीठ घालूनही पाजले होते. ते आतड्यात न राहता तसेच बाहेर पडे. लोकांना वाटे, आतड्याचे अस्तरच सडले आहे. हा समज मोडला तो आपल्या शहरात, शंभूनाथ दे यांनी. हुगळी जिल्ह्यातील एका गरीब घरातला हा माणूस कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचा प्राध्यापक झाला. १९५३ साली त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले, तेव्हा तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ साली ते आणखी पुढे गेले. जंतू गाळून काढून केवळ राहिलेला द्रव आत सोडला, तरी तुकडा फुगलाच. म्हणजे काम जंतूचे अंग करीत नव्हते, त्याने सोडलेले विष करीत होते. त्यांनी शोधलेले हे विष आतडे फाडत नाही, सडवत नाही, असे पुढील संशोधनात दिसून आले. आतड्याच्या पेशींत एक कळ दाबल्यासारखे ते करते आणि पेशी क्षार ओतीत राहतात. क्षारामागून पाणी धावते. खर्चाचा नळ उघडा राहतो. रोग्याच्या अंगातून एका तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकते.

ज्या माणसाने एवढे मोठे कोडे सोडविले त्याला देशातील कोणत्याही विज्ञान अकादमीने आपले सदस्यत्व दिले नाही. नोबेल प्रतिष्ठानाने मात्र १९७८ साली पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना मानाने स्वीडनला बोलाविले. १९८५ साली ते वारले. आम्ही सरकारी माणसे, फायली मागे पडतात हे जाणतो. परंतु काही फायली मागे पडल्याचे दुःख वेगळेच असते.

खर्चाचा नळ कसा उघडतो ते समजले. आता जमेचा नळ कोणता? १९५३ साली कोलकात्याच्याच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडावाटे देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ओकारीसाठी त्यांनी एक गोळी वापरली, आणि हगवणीसाठी ज्या वनस्पतीच्या पानांचा रस दिला ती म्हणजे आपल्या कोकणातल्या परसात असते ती पानओव्याची, जिच्या पानांची आपण भजी करतो ती. त्यांनी रोग्यांत तुलना करून दाखविली नव्हती म्हणून असेल, जगाने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे त्यामागचे गुपित मांडले. आतड्याच्या अस्तरात असे एक दार आहे की, ते मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही जोडी एकत्र आली तरच उघडते. बँकेतल्या संयुक्त खात्यासारखा हा व्यवहार आहे. दोघांची सही असल्याखेरीज रक्कम हलत नाही. नुसते मीठ परत येते ते यामुळे. जोडीने आत गेले की मागोमाग पाणीही जाते. आणि आपल्या सुदैवाची गोष्ट ही की, पटकीचे विष खर्चाचा नळ उघडते, पण हे दार बंद करीत नाही. १९६० नंतरच्या दशकात ढाक्यास आणि कोलकात्यास, बेलेघाटच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात, हे प्रयोग रोग्यांवर यशस्वी झाले. तरीही पुष्कळ डॉक्टरांना वाटत होते की, तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून हे पाणी देणे धोक्याचे.

मग १९७१ साल उजाडले. पूर्व बंगालातून एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या देशात आले. जेसोर रोडच्या दोन्ही बाजूंना माणसेच माणसे. पावसाळा तोंडावर आणि छावण्यांत पटकी. सीमेजवळच्या बनगावच्या लहानशा रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांना पाठविण्यात आले. ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातील संशोधन केंद्रात काम करीत असत. रुग्णालयात खाटा मोजक्या. बाकीचे रोगी जमिनीवर, मळात आणि वांतीत पडलेले. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत चाललेले. महालनबीस यांच्यापुढे दोनच मार्ग होते. पद्धतीप्रमाणे बाटल्यांची वाट पाहावयाची आणि माणसे मरताना मोजावयाची, किंवा ज्याला मान्यता नाही ते करावयाचे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, या मापाच्या पुड्या कोलकात्यात बांधून बनगावला नेल्या. पिपांत पाणी कालवले, पिपांना तोट्या बसविल्या आणि रोग्यांच्या आयांना, भावांना, बायकांना सांगितले की, पेले भरा आणि पाजत राहा. पदवीधर हात अपुरे पडले तेथे मायेचे हात कामाला लावले. आठ आठवड्यांत तीन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. छावण्यांतून शंभरातली सुमारे तीस माणसे मरत होती, तेथे हे प्रमाण चाराच्याही खाली आले.

ज्या जेसोर जिल्ह्याच्या नावाने १८१७ ची साथ जगात गेली, त्याच जिल्ह्यात १९४७ पर्यंत बनगाव मोडत होते. रोगाने जेथून जग पादाक्रांत केले, त्याच रस्त्यावरून त्याचे उत्तर जगभर गेले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत होऊ शकेल असे लिहिले. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी याच शहरात निवर्तले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आम्ही १९७१ साली नुकते चालू लागलो असू. म्हणजे आमच्या पिढीची मुले हगवणीतून उठली ती या माणसांच्या ऋणावर.

हे पाणी आज ‘ओआरएस’ या नावाने कोणत्याही दुकानात मिळते. सोड्याच्या जागी आता सायट्रेट असते, पोटॅशियम असते. २००२ पासून मीठ व साखर दोन्हींचे प्रमाण थोडे कमी केले आहे. मात्र पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहावे. त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापण्यास भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली, ती उगाच नव्हे. साखर फार झाली की ती उलट आतड्यातच पाणी ओढते आणि हगवण वाढते. म्हणून बाटलीतले रंगीत पेय हे औषध नव्हे. पुडी नसेल तर १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव पाहावी. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे.

पाजावयाची रीतही महत्त्वाची. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००, आणि तेही चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध बंद करू नये, जेवणही बंद करू नये. जस्ताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्यावे. त्याने आजार आखडतो. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसू लागली, शौचात रक्त दिसले, किंवा ते पाणी पिईनासे झाले, तर घड्याळाकडे न पाहता रुग्णालय गाठावे. घरातील वृद्धांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर त्यांच्या पाण्यामिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. आणि साध्या हगवणीवर उरलेल्या जंतुनाशक गोळ्या चालवू नयेत. बहुतेक हगवणींना त्यांची गरज नसते, आणि अशा वापरानेच जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात.

आमच्या काही वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो की, ‘पोट बिघडलंय, पाणी देऊ नका, आतडं कोरडं पडू द्या.’ त्यांच्या वडिलकीचा मान राखूनही सांगितले पाहिजे की, आतडे कोरडे पडत नाही, मूल कोरडे पडते. परंतु त्याच वडीलधाऱ्यांची दुसरी एक रीत शास्त्राने शिरसावंद्य मानली आहे, ती म्हणजे मीठ घातलेली भाताची पेज. तांदळातला पिठूळ भाग आतड्यात हळूहळू सुटून त्याचे ग्लुकोज होते आणि तेच संयुक्त खात्याचे दार उघडते. पटकीच्या रोग्यांत तांदळाच्या अशा पाण्याने शौचाचे प्रमाणही घटते, असे पुढील संशोधनात आढळले. बंगाली वहिनी ‘फॅन’ म्हणतात, आपण पेज म्हणतो. आतड्याला दोन्ही भाषा सारख्याच कळतात.

ओव्याचेही तसेच. पोटात वारा धरला की आपण ओवा चावतो; त्यातला थायमॉल हा उडणारा तेलकट अंश वायू मोकळा करण्यास मदत करतो. येथे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगाल केमिकलने ओव्याचा अर्क बाटलीत भरून घरोघरी पोहोचविला. त्या कारखान्याचा आरंभ ९१, अप्पर सर्क्युलर रोड या घरात झाला. म्हणजे मराठ्यांच्या भीतीने १७४२ साली कोलकातेकरांनी जो खंदक खणावयास घेतला होता, त्याच्याच मार्गावर. आज त्या रस्त्याला आचार्यांचे नाव आहे. आपले पूर्वज ज्या वाटेवर भीतीचे धनी होते, तेथूनच पोटाचा उतारा मिळाला, हा शेजारधर्म आपण स्मरावा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. गणेशोत्सवात आणि सहलीत आपली प्रथमोपचाराची पेटी असते. तीत पट्ट्या असतात, मलम असते. त्यात ओआरएसच्या दहा पुड्या आणि एक लिटरचे माप कायमचे असावे. बदलीवर नवे कुटुंब आले म्हणजे आपण त्यांना शाळांची आणि भाजीबाजाराची माहिती देतो. त्याबरोबर एका कागदावर हे पाणी करण्याची रीत आणि मुलाला रुग्णालयात केव्हा न्यावयाचे याची लक्षणे लिहून द्यावीत. आजी जवळ नसलेल्या घरात त्या रात्री तो कागद आजीचे काम करील. खर्च काही नाही; आमच्या खात्याकडून मंजुरीही लागणार नाही.

आतून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे. पोटावरचे भाषण पोटाच्या आड येऊ नये, म्हणून आम्ही येथेच आपली रजा घेतो.